दुसरा डाव, राहुरीत

टेकडीवरचं पडकं घर, उन्हात न्हालेल्या द्राक्षबागा, एकमेकांशी अजिबात न पटणारे दोघं आणि शेवटी लांबलचक टेबलावर सगळ्यांचं जेवण. इटलीच्या खेड्यात घडणारे प्रेमपट पाहिले असतील, तर हा मसाला तुमच्या ओळखीचा असेल. ‘अंडर द टस्कन सन’मध्ये (२००३) घटस्फोटानं मोडलेली अमेरिकन लेखिका टस्कनीत जुनं घर विकत घेते आणि ते दुरुस्त करता करता स्वतः सावरते. ‘लेटर्स टू ज्युलिएट’मध्ये (२०१०) स्वप्नाळू मुलगी आणि खडूस इंग्रज तरुण सिएनाच्या आसपास भटकत भांडतात आणि प्रेमात पडतात.

मला हे सिनेमे आवडतात. आम्हा नाशिककरांना द्राक्षबाग दिसली की आधी फवारणी आणि अवकाळी पाऊस आठवतो, हा भाग वेगळा. पण त्यांच्यात एक सोय असते. बदलण्याचं काम माणसांऐवजी निसर्ग करतो. ऊन, वाईन आणि दगडी घर एवढ्यावर माणूस नवा होतो. मोबाईल फॅक्टरी रीसेट करावा तसं. जुना डेटा कुठे गेला, हे कुणी विचारत नाही.

जुना डेटा न पुसता पुन्हा सुरुवात करणाऱ्या जोडप्याची गोष्ट मराठीत आहे, आणि ती नाशिकपासूनच सुरू होते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ साली आला. शाळेत आपण त्यातला एखादा धडा वाचतो, हसतो आणि पुस्तक ‘जुन्या काळच्या आठवणी’ या कप्प्यात टाकून देतो. माझ्या मते ते मराठीतल्या सगळ्यात अवघड प्रेमकथांपैकी एक आहे.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरी वडिलांचं टोकाचं सोवळं. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. नवरा कवी, विद्वान, तापट आणि हातात पैसा न टिकणारा. मनात आलं की घर सोडून चालू पडणारा. बायको जवळजवळ निरक्षर, व्यवहारी आणि जिभेची तल्लख. तिला लिहायला-वाचायला शिकवलं टिळकांनीच. इथपर्यंत दोन टोकांच्या माणसांची गंमत आहे. मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि गंमत संपली.

त्या काळात या गोष्टीचा अर्थ काय होता, ते नीट लक्षात घ्यायला हवं. लक्ष्मीबाई घटस्फोटित नव्हत्या, विधवा नव्हत्या आणि संसारातही नव्हत्या. नवरा जिवंत होता, पण त्याच्याकडे जायचं तर जात, माहेर, देव सगळं मागे टाकावं लागणार होतं. पदरात लहान दत्तू. जवळजवळ पाच वर्षं अशी गेली. टस्कनीतल्या नायिकेकडे निदान घर विकत घेण्याइतके पैसे होते.

मग त्या टिळकांकडे नगरला गेल्या. आपण सिनेमा लिहीत असतो तर इथे मिठी आणि पार्श्वसंगीत आलं असतं. पुस्तकात उलट होतं. सुरुवातीला त्या आपलं सोवळं, आपलं पाणी सांभाळूनच राहतात. नवरा परत मिळाला म्हणून विचार बदलत नाहीत. तो बदल पुढे, मुळेकाठच्या राहुरीत होतो, आणि नवऱ्याच्या प्रवचनानं होत नाही. जात माणसानं केली की देवानं, हा प्रश्न त्या स्वतःला विचारतात, स्वतःच सोडवतात आणि मग कुणाच्याही हातचं खायला मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. टिळकांनी निर्णय आधी घेतला होता, पण लक्ष्मीबाई त्यांच्या मागून फरपटत गेल्या नाहीत. त्या आपल्या वेगानं, आपल्या वाटेनं पोचल्या.

आजच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. न सांगता निघून जाणाऱ्या, रागाच्या भरात काहीही करणाऱ्या या माणसाला आपण आज ‘टॉक्सिक’ म्हटलं असतं. मग याला प्रेमकथा का म्हणायचं? बाईंपुढे मोकळी निवड नव्हती, हे मान्य करूनच उत्तर द्यावं लागतं. माझं उत्तर पुस्तकाच्या आवाजात आहे. टिळक १९१९ साली गेले. लक्ष्मीबाईंचं पुस्तक आलं त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा होता. हिशेब चुकते करता आले असते, किंवा नवऱ्याची आरती ओवाळता आली असती. त्यांनी दोन्ही टाळलं. टिळकांचा विक्षिपणा त्या एकही कोपरा न लपवता सांगतात, आपल्याला हसवतात, तरी तो माणूस लहान होत नाही. लग्नात जी बरोबरी काळानं दिली नाही, ती त्यांनी विनोदातून स्वतःच मिळवली.

या विनोदाची किंमतही आहे. काही ठिकाणी जखम इतक्या चटकन हशात गुंडाळली जाते, की आपण थांबून तिच्याकडे बघायचंच राहतो. विरहाच्या त्या वर्षांत त्या रात्री कशा काढत असतील, याचा अंदाज बऱ्याचदा ओळींच्या मधून घ्यावा लागतो. बाप्तिस्म्यानंतरचा भाग माणसांनी गजबजलेला आहे, पण दोघांमधला ताण ओसरल्यावर गोष्टीची पकडही थोडी सैल होते. तरी तो भाग गाळून चालणार नाही. पुन्हा सुरुवात केल्यानंतरचं रोजचं जगणं तिथेच आहे: प्लेगचे दिवस, घरात वाढणारी परक्यांची मुलं, कधीच न पुरणारा पगार. प्रेमपटाची श्रेयनामावली याच्या आधीच सुरू होते.

आणखी एक उलटापालट. आयुष्यभर ‘कवीची अशिक्षित बायको’ म्हणून वावरलेल्या बाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं. आज टिळकांची ओळख बहुतेकांना काही कवितांपुरती असते. त्यांचा राग, त्यांचं औदार्य, त्यांचं वेड आपल्याला भेटतं ते तिच्या गद्यात.

पुस्तक जाड आहे म्हणून घाबरू नका. प्रकरणं छोटी आहेत, नाशिक ते मुंबई लोकलगाडी नसली तरी एका प्रवासात बरीच संपतात. इंग्रजीत वाचायची सवय असेल, तर शांता गोखल्यांचा २०१७ सालचा अनुवाद आहे. पण जमलं तर मराठीतच वाचा. भांडताना लक्ष्मीबाई ज्या सुरात बोलतात, तो सूर आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या स्वयंपाकघरात अजून ऐकू येतो.