झाकलेले पान आणि उघडी माहिती

फळ्यावर प्रश्न लिहायचा, खाली उत्तर लिहायचे, त्यावर एक कागद चिकटवायचा आणि 'कागद उचलणाऱ्यास शिक्षा होईल' असे वर्गाला बजावायचे. अशा परीक्षेला आपण परीक्षा म्हणणार नाही. संकेतस्थळांच्या जगात मात्र हा प्रकार सर्रास चालतो आणि त्याला 'सुरक्षितता' असे भारदस्त नाव दिले जाते. पानावर माऊसचे उजवे बटण चालू दिले जात नाही, कोड मुद्दाम दुर्बोध केला जातो, नाहीतर आतल्या पानाचा पत्ता कोणाला सांगितला जात नाही. या उपायांनी नेमके काय साधते?

संकेतस्थळाचे पान आपण पाहतो म्हणजे काय होते, ते आधी समजून घेऊ. दूरचा सर्व्हर आपल्याकडे चित्र पाठवत नाही, तर एचटीएमएल भाषेतला मजकूर पाठवतो. आपल्या संगणकातला ब्राउझर तो वाचून पान मांडतो. एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. एखादे साधे पान उघडा, ते संगणकावर साठवून घ्या आणि इंटरनेटची जोडणी तोडा. आता साठवलेली फाइल साध्या मजकुराच्या संपादकात उघडा. पानाचा मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या खुणा तुमच्यासमोर असतील. जे आपल्या संगणकात येऊन पोचले, ते आपल्यापासून लपवणार कसे? उजवे बटण बंद करणारी आज्ञासुद्धा आपल्याच संगणकावर चालते. ती न पाळण्याची सोय ब्राउझरमध्येच असते.

हा केवळ तांत्रिक वाद नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या शिक्षण विभागाने शिक्षकांची प्रमाणपत्रे तपासण्यासाठी एक संकेतस्थळ ठेवले होते. २०२१ च्या ऑक्टोबरात 'सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच' या दैनिकाच्या बातमीदाराला असे आढळले, की तेथील पानांच्या कोडमध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक येत होते. कर, बँक, निवृत्तिवेतन अशा अनेक व्यवहारांत ओळख पटवणारा हा नऊ आकडी क्रमांक असतो. एक लाखाहून अधिक शिक्षकांचे क्रमांक असे उघड्यावर होते. दैनिकाने विभागाला कळवले आणि दोष दूर होईपर्यंत बातमी रोखून धरली. तरीही गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन बातमीदाराला 'हॅकर' ठरवले आणि खटल्याची भाषा केली. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलाने खटला भरण्यास नकार दिला.

बातमीदाराने माहिती 'उलगडली', असा गव्हर्नरांचा आक्षेप होता. ते क्रमांक बेस-६४ या पद्धतीने लिहिलेले होते. परंतु ही गुप्तलिपी नव्हे, तिला किल्लीच नसते. मुले 'च'ची भाषा बोलतात, तसेच हे आहे. नियम ठाऊक असलेल्या प्रत्येकाला ती कळते, आणि बेस-६४ चा नियम तर जाहीरच आहे.

पत्ता गुप्त ठेवण्याची गतही हीच. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या माहिती-अधिकाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक कागदपत्राच्या पत्त्यात एक क्रमांक असे. २०१८ मध्ये एका १९ वर्षांच्या तरुणाने हे क्रमांक बदलत सुमारे ७,००० कागदपत्रे उतरवून घेतली. त्यांपैकी सुमारे २५० मध्ये लोकांची खासगी माहिती निघाली. तरुणाला अटक झाली. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी आरोप ठेवणार नसल्याचे जाहीर केले. दारावर कुलूप नव्हते, फक्त घराचा क्रमांक कोणाला सांगितलेला नव्हता.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवत. त्यांनी १८८३ साली सांगून ठेवले आहे, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती किल्ली. संकेतस्थळांना हेच लागू आहे. खासगी माहिती सर्व्हरच्या बाहेर पडण्यापूर्वीच, मागणारा कोण आणि त्याला अधिकार आहे का, हे सर्व्हरने तपासले पाहिजे. आणि जी माहिती पाहणाऱ्याला नको आहे, ती पाठवूच नये.

कोड आखडून लिहिण्याला कधी रास्त कारण असते. फाइल लहान होते आणि पान लवकर उघडते. आपली मेहनत कोणी उचलू नये, ही चिंताही खरी आहे, पण तिचे उत्तर कॉपीराइटच्या कायद्यात आहे, बंद केलेल्या बटणात नाही.

आमची खरी हरकत वेगळीच आहे. सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर असंख्य लोक दुसऱ्यांच्या पानांमागचा कोड वाचतच पाने रचायला शिकले. घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो. पान उघडून पाहणाऱ्याला चोर म्हटले, तर तो पाहणे सोडील, आणि पाहिलेच तर दोष सांगणार नाही. मिसुरीत क्रमांक शिक्षकांचे होते आणि ते उघडे पडल्याचे कळले, ते पान उलटून पाहणाऱ्या एका माणसामुळे. तुमच्या वर्गातला असा विद्यार्थी जेव्हा काही दाखवायला येईल, तेव्हा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्या.