दोन मातांची पुस्तके आणि बंदुकीचा प्रश्न

मंडळाच्या गेल्या वाचन-बैठकीत लायोनेल श्रायव्हर या अमेरिकन लेखिकेच्या ‘वी नीड टू टॉक अबाऊट केव्हिन’ या कादंबरीवर चर्चा झाली. शाळेत सहाध्यायांचा जीव घेणाऱ्या मुलाची ही कथा त्याच्या आईने सांगितलेली आहे. अपेक्षेप्रमाणे चर्चेत दोन तट पडले. अमेरिकेत बंदुका भाजीपाल्यासारख्या मिळतात म्हणून हे घडते, असे एका बाजूचे म्हणणे. बंदूक आपण होऊन उडत नाही, बिघडते ते मन, तेव्हा मनावर उपचार करा, असे दुसऱ्या बाजूचे. ग्वाल्हेरच्या एका दिवाणखान्यात बसून आपण अमेरिकेतला पंचवीस वर्षांचा वाद जवळजवळ जसाच्या तसा बोलून दाखवला. मग चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

तो तिथेच राहू नये असे मला वाटते. आपल्यापैकी कितीतरी घरांची नातवंडे आज अमेरिकेतील शाळांत शिकतात. वर्गाचे दार लावून, दिवे घालवून, भिंतीला टेकून मुकाट बसण्याचा सराव ती मुले करतात आणि रविवारी फोनवर आपल्याला सहज सांगून टाकतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. कादंबरीच्या जोडीने स्यू क्लेबोल्ड यांचे ‘अ मदर्स रेकनिंग’ (२०१६) हे आत्मकथन मी मुद्दाम वाचले. एक आई कल्पनेतली, दुसरी प्रत्यक्षातली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली असता वादात जे निसटते ते नेमके दिसू लागते.

श्रायव्हर यांची कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि २००५ मध्ये तिला ऑरेंज पुरस्कार मिळाला. २०११ साली लिन रॅम्से यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात टिल्डा स्विन्टन यांनी आईची भूमिका केली. एवा ही नायिका आपल्या पतीला पत्रे लिहिते आणि त्या पत्रांतून केव्हिनचे बालपण उलगडत जाते. मूल होण्याआधीच तिला वाटणारी धास्ती, तान्ह्या मुलाशी न जुळलेले मन, पतीने प्रत्येक वेळी मुलाची घेतलेली बाजू, हे सारे श्रायव्हर निर्दयपणे लिहितात. आईपणाविषयी इतके अप्रिय सत्य सांगण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे. कादंबरीचे हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु केव्हिनच्या हाती बंदूक नाही, या गोष्टीकडे आपल्या चर्चेत कोणाचेच लक्ष गेले नाही. तो क्रॉसबो, म्हणजे यांत्रिक धनुष्य वापरतो. लहानपणी आजारात आईने वाचून दाखवलेली रॉबिन हूडची गोष्ट आणि वडिलांनी हौसेने पुरवलेले धनुर्विद्येचे साहित्य, एवढ्यावर त्याचे शस्त्र सिद्ध होते. ही लेखिकेची हुशार निवड आहे. बंदूक काढून घेतली की ‘बंदुका बंद करा’ हे सोपे उत्तर वाचकाच्या हातून निसटते आणि त्याला आई व मुलगा यांच्याकडेच पाहत राहावे लागते. दुसरी पळवाटही त्या बंद करतात. वकील केव्हिनच्या कृत्याचा दोष प्रोझॅक या औषधावर ढकलतात आणि त्याची शिक्षा सौम्य होते. म्हणजे ‘मनाचा आजार’ हे स्पष्टीकरण येथे बचावाची क्लृप्ती ठरते.

कलाकृती म्हणून हे प्रभावी आहे. सामाजिक प्रश्नाचे चित्र म्हणून मात्र ते अपुरे आहे. धनुष्याने एकामागून एक नेम धरावा लागतो. नेमका तोच वेळ बंदूक वाचवते. शस्त्राची गती हा या प्रश्नाचा गाभा आहे. कादंबरीने तो बाजूला काढला म्हणून प्रत्यक्षातून तो जात नाही.

आता दुसरे पुस्तक. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार केले व शेवटी स्वतःवर गोळ्या झाडल्या. त्यांतील सतरा वर्षांचा डिलन हा क्लेबोल्डबाईंचा मुलगा. त्यांच्या घरात बंदूक नव्हती. दोघेही पालक बंदुकांच्या विरोधात होते. जेवणाच्या टेबलावर एकत्र बसणारे, मुलाच्या कॉलेजची चौकशी करणारे असे ते चारचौघांसारखे घर होते. मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या वह्या हाती आल्या, तेव्हा आईला कळले की सुमारे दोन वर्षे त्याच्या मनात मरणाचे विचार घोळत होते.

क्लेबोल्डबाई स्वतःला माफ करत नाहीत आणि मुलाच्या अपराधावर पांघरूणही घालत नाहीत. ‘मानसिक आजार’ऐवजी ‘मेंदूचे आरोग्य’ असा शब्दप्रयोग त्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारला आहे आणि पुस्तकाचे उत्पन्न त्याच क्षेत्रातील कामाला दिले आहे. त्यांच्या लेखनातील सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे लहान लहान खुणांची कबुली. बदललेला आवाज, वाढलेला एकलकोंडेपणा, शाळेतील एका निबंधाविषयी शिक्षिकेने व्यक्त केलेली काळजी. प्रत्येक खूण त्या वेळी वयाचा भाग वाटली. हे वाचताना कोणत्याही आईबापाच्या पोटात खड्डा पडेल.

तरीही या पुस्तकाविषयी माझी एक तक्रार आहे. त्यातली नजर सतत मुलाच्या मनात उतरते. बंदूक कोठून आली या प्रश्नाला त्यामानाने कमी जागा मिळते. आईच्या दुःखाला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटावा हे स्वाभाविक आहे. पण वाचकाने तिथेच थांबू नये, कारण सार्वजनिक नोंद बोलकी आहे. त्या चार बंदुकांपैकी तीन १९९८ च्या अखेरीस बंदुकांच्या विक्रीमेळ्यात खाजगी विक्रेत्यांकडून घेतल्या गेल्या. मुले अल्पवयीन होती, म्हणून अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीने त्या घेतल्या. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी करणे १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने बंधनकारक केले होते. मेळ्यातील खाजगी विक्रेत्याला नव्हते. तशी तपासणी असती तर आपण त्या घेतल्याच नसत्या, असे त्या मुलीने पुढे कोलोरॅडोच्या विधिमंडळापुढे सांगितले. २००० साली तेथील सुमारे सत्तर टक्के मतदारांनी ही पळवाट बंद करण्याच्या बाजूने कौल दिला.

एक पुस्तक मुलाच्या हातून बंदूक काढून घेते, दुसरे बंदुकीवरून नजर काढून मनाकडे वळवते. दोन्हींत घर आहे, स्वयंपाकघर आहे, मुलाची बंद खोली आहे. ज्या टेबलावर पैसे देऊन बंदूक हाती पडते ते टेबल मात्र साहित्याच्या कक्षेत नीटसे येत नाही. वादही तिथेच लंगडा होतो. ‘बंदूक की मन’ असा प्रश्न विचारला की दोघांच्या मधले ते टेबल दिसेनासे होते.

ते टेबल असूनही काय होऊ शकते, हे व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दिसले. १६ एप्रिल २००७ रोजी तेथे एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा बळी घेतला. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. डिसेंबर २००५ मध्येच न्यायिक अधिकाऱ्याने या तरुणाला स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. तरी त्याने दोन पिस्तुले रीतसर तपासणी होऊन विकत घेतली. राज्याने ती नोंद केंद्रीय यादीत पाठवलीच नव्हती, कारण रुग्णालयात दाखल न करता दिलेला उपचाराचा आदेश नियमात बसत नाही असा तेथील समज होता. आयुष्यभर कागदांत वावरलेल्या माणसाला हे वाचून काटा येतो. जानेवारी २००८ मध्ये अशा नोंदी पाठवण्यासाठी नवा कायदा झाला, तोवर उशीर झाला होता.

मग मानसिक आरोग्याचा पक्ष खरा ठरतो का? अर्धाच. संशोधन सांगते की अमेरिकेतील एकूण हिंसेपैकी सुमारे चारच टक्के हिंसा गंभीर मानसिक आजाराशी जोडता येते. बहुसंख्य मनोरुग्ण कोणाच्याही वाटेला जात नाहीत. उलट तेच अधिक वेळा अत्याचाराचे बळी ठरतात. तेव्हा प्रत्येक गोळीबारानंतर ‘हा मनाचा आजार’ असे म्हणणे म्हणजे लाखो निरपराध रुग्णांवर संशयाचा शिक्का मारणे होय. कायद्याची भाषाही या पापातून सुटलेली नाही. बंदूक बाळगण्यास अपात्र व्यक्तींसाठी १९६८ च्या अमेरिकी कायद्याने जी संज्ञा वापरली, तिचा अर्थ ‘मनाने सदोष’ असा होतो. अशा शब्दाच्या भीतीने कोण दवाखान्याची पायरी चढेल?

मात्र मानसिक आरोग्याची काळजी जो प्रामाणिकपणे करील तो फिरून बंदुकीपाशीच येतो. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली. त्यांतील सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. मरणाची लाट बहुधा ओसरणारी असते. त्यातून वाचलेली बहुतेक माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. बंदूक ती दुसरी संधी क्वचितच देते. मनाची काळजी आणि शस्त्राचे नियमन हे परस्परांचे पर्याय नाहीत, ती एकाच कामाची दोन अंगे आहेत, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेणेही योग्य नव्हे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला शस्त्राचा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. पोलीस तासाभराच्या अंतरावर असलेल्या शेतावर राहणाऱ्या माणसाला स्वसंरक्षण हा पुस्तकी विषय वाटत नाही. उपचार घेतला तर बंदूक जाईल, या भीतीने निवृत्त सैनिक डॉक्टरकडे जात नाहीत, ही शंकाही खरी आहे. परंतु त्याच हेलर निर्णयाने गुन्हेगार व मनोरुग्ण यांच्यावरील जुन्या निर्बंधांना धक्का लावलेला नाही. शिवाय निदानाच्या शिक्क्याऐवजी वर्तनाकडे पाहणारा मार्गही सापडला आहे. १९९९ साली कनेक्टिकट राज्याने प्रथम केलेले आणि पुढे वीसच्या आसपास राज्यांनी स्वीकारलेले ‘रेड फ्लॅग’ कायदे न्यायालयाच्या आदेशाने संकटातील व्यक्तीची शस्त्रे काही काळापुरती बाजूला ठेवतात. बहुतेक राज्यांत घरच्यांनाही तसा अर्ज करता येतो. अशा दर दहा ते वीस कारवायांमागे एक आत्महत्या टळते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उवाल्डे येथील शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर जून २०२२ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने या व्यवस्थेला आणि मानसिक उपचारांना एकत्रच निधी दिला. दोन्ही पक्षांच्या सदस्यांची मते त्याला मिळाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. नोकरीतली काही वर्षे एका जिल्ह्याच्या कचेरीत शस्त्रपरवान्यांच्या फायली माझ्या नजरेखालून गेल्या. आमच्या चंबळच्या मुलखात खांद्यावरची बंदूक ही घराण्याची शोभा मानली जाते. तेथे परवाना हा हक्क नव्हे. गरज अर्जदाराने सिद्ध करायची असते. मन ठिकाणावर नसलेल्यास परवाना नाकारण्याची तरतूद आपल्या १९५९ च्या कायद्यातही आहे. त्या तरतुदीपाशी मी कधी थांबलो नाही. पोलिसांचा अहवाल ‘हरकत नाही’ म्हणे आणि मी सही करीत असे. नूतनीकरणाच्या अशाच एका सहीनंतर काही महिन्यांनी कळले की अर्जदाराने त्याच बंदुकीने स्वतःचा शेवट करून घेतला. त्याची उदासी घरच्यांना ठाऊक होती. पण ती सांगायला त्यांना जागा नव्हती आणि आमच्या छापील अर्जात ती विचारणारा प्रश्न नव्हता. कायदा कडक असूनही टेबल आंधळे असू शकते, हे मी अमेरिकेकडे बोट दाखवण्यापूर्वी मान्य केले पाहिजे.

म्हणूनच क्लेबोल्डबाईंचे पुस्तक मला श्रायव्हर यांच्या कादंबरीहून मोठे वाटते. कलागुणांत कादंबरी निश्चित सरस आहे. तिची एवा शेवटी मुलासाठी घरात खोली तयार ठेवते आणि तो क्षण विसरता येत नाही. पण ‘असे का झाले’ याच्यापुढे जाऊन ‘मी काय विचारायला हवे होते’ असा प्रश्न दुसरी आई करते. तो प्रश्न आईइतकाच दुकानदाराने, शिक्षकाने, न्यायाधीशाने आणि परवान्यावर सही करणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे. पुढील बैठकीत हे पुस्तक चर्चेला घ्यावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे.