विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा : खूण की वचन?

विश्वासणाऱ्याच्या बाप्तिस्म्याची रूढ व्याख्या अशी, की ज्याने ख्रिस्तावरील विश्वास स्वमुखाने कबूल केला असेल त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. तान्ह्या बालकाला देऊ नये. ही व्याख्या खोटी नाही, परंतु अपुरी आहे. तिच्यामुळे सर्व चर्चा वय आणि पाण्याचे प्रमाण यांभोवती फिरत राहते, आणि व्यक्तीच्या आंतरिक अनुभवाची जाहीर खूण एवढाच या विधीचा अर्थ शिल्लक उरतो. धर्मसुधारणेच्या काळात ज्यांनी या तत्त्वासाठी प्राण दिले, त्यांना एवढेच अभिप्रेत होते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

झुरिकच्या नगरसभेने १८ जानेवारी १५२५ रोजी हुकूम काढला, की ज्या बालकांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांचा तो आठ दिवसांच्या आत करविण्यात यावा. तीनच दिवसांनी कोनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक या प्रौढास बाप्तिस्मा दिला. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांचा सहकारी फेलिक्स मांत्स याला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. आंतरिक अनुभवाच्या निव्वळ खुणेसाठी कोणतेही शासन एवढे कठोर होत नाही. त्या नगरात जन्मास येणारे प्रत्येक मूल बाप्तिस्म्याने ख्रिस्ती होत असे. नगर आणि ख्रिस्तमंडळी यांची सीमा एकच होती. स्वेच्छेच्या बाप्तिस्म्याने ती एकता भंगली. मंडळी जन्माने नव्हे, वचनाने बनते, हा त्यातील खरा दावा होता.

या दाव्याची सुसंगत मांडणी बाल्टाझार हूबमायर याने केली. विश्वासणाऱ्यांच्या बाप्तिस्म्यावर त्याने १५२५ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १० मार्च १५२८ रोजी व्हिएन्ना येथे त्याला जाळण्यात आले. त्याच्या मते या विधीतील वचन दुहेरी असते. बाप्तिस्मा घेणारा देवाला वचन देतो, आणि त्याच वेळी आपली चूक दाखविण्याचा अधिकार बंधुभगिनींच्या हाती देतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील बंधुशासनाचा पाया त्याला येथेच सापडतो. कारण ज्याने वचनच दिले नाही, त्याला जाब कोण विचारणार? १५२७ च्या श्लाइटहाइम येथील सात कलमांतही बाप्तिस्म्यामागोमाग बहिष्काराचे कलम येते. हा क्रम अर्थपूर्ण आहे.

झ्विंग्लीचा आक्षेप मात्र हलका नव्हे. इस्राएलात बालकाची सुंता होई, त्याचप्रमाणे ख्रिस्ती बालकही देवाच्या करारात समाविष्ट आहे, असे तो म्हणे. या आक्षेपाचे मर्म असे, की कृपा मनुष्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. यावर असे म्हणता येईल, की कृपा आधी येते हे खरे. परंतु बाप्तिस्मा हे त्या कृपेला दिलेले उत्तर आहे, आणि उत्तर दुसऱ्याच्या वतीने देता येत नाही. झ्विंग्लीच्याच परंपरेतील कार्ल बार्थ याने १९४३ च्या व्याख्यानात बालबाप्तिस्म्यावर टीका केली, तीतही बाप्तिस्मा घेणाऱ्याचा स्वतःचा होकार हाच कळीचा मुद्दा होता.

या वचनाला दुसरी बाजूही आहे. जाब विचारण्याचा अधिकार निष्ठुर होऊ शकतो. १६९३ साली याकोब आमान याच्या अनुयायांची जी फूट पडली, तिच्या मुळाशी बहिष्कृतांशी कितपत व्यवहार ठेवावा हाच वाद होता.

मराठी वाचकाला येथे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे स्मरण होईल. त्यांनी १८९५ साली प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला. १९१७ च्या ‘देवाच्या दरबारा’त मात्र बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. विश्वास असताना पाण्याची गरज काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. ज्या समाजात बाप्तिस्म्याचा अर्थ ‘बाटणे’ असा लावला जाई, तेथे तो स्वाभाविकच होता. हूबमायरच्या भूमिकेतून त्याचे उत्तर असे निघते, की तारणासाठी पाणी अपरिहार्य नाही. मंडळीसाठी मात्र आहे.

म्हणूनच ठरावीक वय झाले की घराण्याची रीत म्हणून जो बाप्तिस्मा घेतला जातो, तो प्रौढाचा असला तरी विश्वासणाऱ्याचा असतोच असे नाही. एकमेकांना आवरण्याचे आणि सावरण्याचे वचन त्यात दिले गेले काय, हीच त्याची कसोटी होय.