नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला बोलवायचं आणि विषय द्यायचा ‘बाळाचं नाव’, याची काहींना गंमत वाटली असेल. आम्हाला वाटली नाही. नाव माणसाला कसं चिकटतं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, अगदी पहिल्याच आह्निकात, मुलाच्या नावाचे नियम आलेले आहेत. दहा दिवस झाल्यावर ठेवावं, पहिलं व्यंजन घोष असावं, मधे य-र-ल-व यांपैकी काही यावं, अक्षरं दोन किंवा चार असावीत. व्याकरण कशाला शिकायचं, याची जी कारणं तिथे दिली आहेत त्यांतलं हे एक. व्याकरण येत नसेल तर बापाला पोराचं नाव धड ठेवता येणार नाही, असा एकूण रोख.

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. आज आपल्याला दोन्ही करायचं आहे. नावं ठेवायची आहेत ती सध्या घरोघरी मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांना. पूर्वी एसटी स्टँडवर पुस्तिका मिळायच्या, आता याद्या येतात: ऋतूंवरून नावं, संस्कृतीतून नावं, साहित्यातून नावं. नावापुढे एक रेघ आणि रेघेपुढे एका शब्दात अर्थ. आम्ही या याद्या मन लावून वाचल्या. समीक्षकानं कादंबरी वाचावी तशा वाचल्या.

पहिलं उदाहरण घ्या. ‘आरव’. यादी सांगते, अर्थ शांत. संस्कृतात ‘रव’ म्हणजे आवाज, आणि ‘आरव’ म्हणजे गलका, ओरडा. ज्यांच्या घरात चार महिन्यांचं लेकरू आहे त्यांना कोणता अर्थ खरा ते कोशात बघायला नको. दुसरं, ‘रियांश’. यातला ‘अंश’ समजतो, पण ‘रिय’ म्हणजे काय? संस्कृतात असा शब्द नाही. यादी मात्र बिनदिक्कत सूर्यकिरण वगैरे सांगून मोकळी होते. तिसरं, ‘श्रेयांश’. मूळ नाव श्रेयांस, जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. शेवटी ‘अंश’ लावायची टूम आली आणि तीर्थंकरांचा ‘स’ गेला.

पण या चुका किरकोळ आहेत, कोश उघडला की दुरुस्त होतात. आमची खरी तक्रार अशा ठिकाणी आहे जिथे यादी बरोबर आहे.

‘मिलिंद’ घ्या. यादी म्हणते, भुंगा. कोशही तेच म्हणतो. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, वाद नाही. आता मराठवाड्यात ज्यांची नावं मिलिंद आहेत त्यांच्या आईबापांनी काय भुंगा म्हणून नाव ठेवलं होतं? 1950 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. ही दोन्ही नावं एका पाली ग्रंथातून आली, ‘मिलिंदपञ्ह’ हा तो ग्रंथ. मिलिंद म्हणजे मिनँडर, वायव्येकडचा यवन राजा. नागसेन म्हणजे त्याच्याशी वाद करणारा भिक्षू. म्हणजे आपल्या गल्लीतला मिलिंद हे मुळात ग्रीक नाव आहे, पालीतून आलेलं. आणि त्याचा मराठवाड्यातला अर्थ आहे प्रश्न विचारणारा राजा, जो भिक्षूपुढे बसून वाद करतो आणि पटलं की मान्य करतो. कॉलेजला हे नाव का दिलं असेल ते वेगळं सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. त्या ग्रंथातला पहिला वाद नावावरूनच पेटतो. राजा विचारतो, आपलं नाव काय? भिक्षू म्हणतो, लोक नागसेन म्हणतात, पण ती बोलण्याची एक सोय आहे, त्या नावाचा कुणी पुरुष आत सापडत नाही. मग रथाचा दृष्टान्त येतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? नावाचा अर्थ नावाच्या पोटात शोधू नका, असं शिकवणारा ग्रंथ. आणि त्याच ग्रंथातल्या नावापुढे आपण रेघ मारून लिहितो, भुंगा!

युरोपातही हा वाद झाला. मिलनं 1843 साली लिहिलं की विशेषनाम फक्त दाखवतं, सांगत काही नाही. 1970 साली सोल क्रिप्कीनं प्रिन्स्टनला व्याख्यानं दिली, त्यांतलं म्हणणं असं की नाव आधी बारशासारख्या एका प्रसंगी दिलं जातं आणि मग तोंडातून तोंडी जात राहतं. ती साखळीच नावाला माणसाशी बांधून ठेवते. आपल्या वैयाकरणांनी याला यदृच्छाशब्द म्हटलं, मनाला येईल तसा ठेवलेला शब्द, आणि उदाहरण दिलं ‘डित्थ’. काही अर्थ नाही. पण कुणीतरी डित्थ म्हणून हाक मारली, कुणीतरी ओ दिली, झालं नाव. आम्हाला ‘डित्थ’ हे ‘रियांश’पेक्षा प्रामाणिक वाटतं, ते अर्थाचं सोंग तरी आणत नाही.

तेव्हा साहित्यातून नाव घेणं ही काही नवी हौस नाही. आपल्या भागाइतकी ती कुठे रुजली असेल असं आम्हाला वाटत नाही. हिंगोलीकडे नरसी नामदेवांची, गंगाखेड जनाबाईंचं, पैठण एकनाथांचं, आणि जांब आपल्याच जालना जिल्ह्यात. तिथल्या ठोसरांच्या घरी 1608 साली जे मूल जन्मलं त्याचं पाळण्यातलं नाव नारायण, पुढे ते रामदास झाले. आता कोणत्याही गावाची मतदारयादी काढा. नामदेव, ज्ञानोबा, तुकाराम, एकनाथ, मुक्ता, जनाबाई. ही सगळी कवींची नावं आहेत! औत हाकणाऱ्याला कवीचं नाव, पाणी शेंदणारीला कवयित्रीचं. ज्यांनी ठेवली त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, पण अभंग तोंडपाठ होते. यादीतलं साहित्य आणि हे साहित्य यांत हा फरक आहे. इथे नावाच्या आधी ऐकणं होतं.

आता जरा कठीण बोलावं लागेल. चांगलं नाव ठेवण्याचा हक्क आपल्याकडे सगळ्यांना नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णाप्रमाणे नावं सांगितली आहेत: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. हे नुसतं पोथीत राहिलं असतं तर आम्ही आज काढलंच नसतं.

इथे एक भेद मात्र करायला हवा. दगडू, धोंडू, केरबा ही नावं सगळ्या जातींत सापडतात. मुलं जगत नसत, म्हणून दगड म्हणायचं, केर म्हणायचं, म्हणजे काळाची नजर जाणार नाही. धोंडो केशव कर्वे हे नाव त्याच जातकुळीचं, आणि ते नाव घेऊन माणूस भारतरत्न झाला. त्या नावात माया आहे, भीतीतून आलेली माया. पण गावानं एखाद्याला आयुष्यभर तुच्छतेनं मारलेली हाक ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्ही वेळा शब्द एकच असू शकतो. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं. त्यात दगडू मारुती पवार दया पवारला आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, नावं दोन. नावांच्या यादीत ‘दगडू’पुढे ‘पाषाण’ लिहिणाऱ्यानं ते पुस्तक वाचावं.

मुलींचं तर सोडूनच द्या. 2011 साली सातारा जिल्हा परिषदेनं ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुली शोधून त्यांची नावं बदलली. त्या नावाचा अर्थ कुठल्याही यादीत बघायची गरज नव्हती.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या घरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, नागसेन ही नावं येऊ लागली. जुगुप्सित नावाचा नियम ज्या पोथीत होता ती महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी जाळली गेली होती. आता पाळण्यापाळण्यावर तिला दुसरं उत्तर मिळालं. आमच्या मते मराठीत साहित्यातून नाव शोधण्याची सर्वांत मोठी घटना ही आहे, आणि तिच्यावर समीक्षकांनी फारसं लिहिलेलं दिसत नाही. नावाची किंमत या भागाला कुणी शिकवायला नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या काळात घरं जळली, माणसं गेली. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल.

ऋतूंचं राहिलं. सहा ऋतूंपैकी वसंत, शरद, हेमंत, शिशिर ही मुलांची नावं झाली, वर्षा मुलीचं झालं. यातला शरद तर संस्कृतात स्त्रीलिंगी. मराठीत येऊन पुरुष झाला आणि कुणाला खटकलं नाही. ग्रीष्माला गिऱ्हाईक नाही. कालिदासाच्या नावावरचं ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मानंच सुरू होतं, तरी जालना जिल्ह्यातला मे महिना ज्यानं काढला तो पोराला ग्रीष्म कशाला म्हणेल? ही नावं संस्कृत काव्यातून, शाळेतून घरात आली. शेतातून आली नाहीत. शेताचे ऋतू तीन, आणि पावसाळा म्हणजे नक्षत्रं. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. जरा मोठ्यानं म्हणून बघा. पेरणीपासून सोयाबीन काढणीपर्यंतचं हे वेळापत्रक निम्मंअधिक मुलींच्या हजेरीपटासारखं ऐकू येतं.

आणि मनुस्मृती तिसऱ्या अध्यायात काय सांगते? नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आपल्या आज्यांची नावं गंगा, गोदावरी, यमुना, भीमा, तुळसा. मावश्यांची रोहिणी, चित्रा, रेवती. त्यांची लग्नं झाली, म्हणून तर आपण इथे आहोत. शास्त्राचं कुणी ऐकलं नाही, पावसाचं ऐकलं.

सुरुवातीला चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या, त्यांतली एक घेऊ आणि थांबू. कुणा आजीनं लिहिलंय: नात झाली, जन्मनक्षत्र आश्लेषा, सुनेला तेच नाव आवडलंय, पण भावकी म्हणते सासूला वाईट.

बाई, जन्मनक्षत्र चंद्राचं असतं आणि पावसाचं नक्षत्र सूर्याचं, पण नाव एकच. या नक्षत्राची अक्षरं डी, डू, डे, डो. पंचांगावर फार भर दिला तर शास्त्रकारांचा डित्थच पदरात पडायचा. आश्लेष म्हणजे मिठी. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात याच आश्लेषाच्या पावसासाठी सगळा तालुका आभाळाकडे बघत असतो, तेव्हा भावकीतलं कुणी तिला वाईट म्हणत नाही. सुनेचं ऐका. फक्त दाखल्यावर नीट लिहून घ्या. पहिला शहामृगाचा श, ‘ल’ला जोडून, दुसरा पोटफोड्या ष. दोन्ही ‘श’ एकसारखे लिहून देतात, तिथेच उभं राहून बघून घ्या.