प्रकृतीचे पाणी, सुजाताचे रक्त
ग्रंथातील कथा रंगभूमीवर आणि तेथून पडद्यावर येताना तिच्यातील काय गळते, हे पाहण्यास बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) हा चित्रपट फार उपयोगी आहे. सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’ (१९३३) या नाटकाचा प्रयोग येतो. आणि ‘चंडालिके’चे मूळ ‘दिव्यावदाना’तील शार्दूलकर्णावदानात आहे.

तहानलेला आनंद पाणी मागतो. मातंगकन्या प्रकृती आपली जात सांगते. मी जात विचारली नाही, असे तो म्हणतो. येथवर अवदान व नाटक बरोबर चालतात. अवदानात मात्र प्रकृती पुढे भिक्षुणी होते, श्रावस्तीचे ब्राह्मण व राजा प्रसेनजित अस्वस्थ होतात, आणि तेव्हा भगवान बुद्ध पूर्वजन्मीची कथा सांगतात. मातंगराज त्रिशंकू आपल्या विद्वान पुत्रासाठी पुष्करसारी ब्राह्मणाची कन्या मागतो व नकार मिळताच वर्णभेदाची तर्काने चिरफाड करतो. राख आणि सोने यांत दिसतो तसा भेद माणसामाणसांत दिसत नाही, हा त्याचा मुद्दा. अवदानाचा खरा कणा हा वादच होय. रवींद्रनाथांनी तो घेतला नाही. त्यांना प्रकृतीचे मन हवे होते.

नूतनच्या मूक अभिनयासाठी ‘सुजाता’ कितीही वेळा पाहावा. तथापि तेथे अस्पृश्य कन्येचा स्वीकार होतो तो पालनकर्त्या आईला रक्त दिल्यावर. आनंदाने केवळ पाणी मागितले होते. त्रिशंकूला तर काहीच द्यावे लागत नाही. तो बरोबरीच्या नात्याने मुलगी मागतो आणि पुष्करसारी अखेर ती देतो. ती कन्या म्हणजेच पूर्वजन्मीची प्रकृती, असे बुद्ध सांगतात.