पुराव्याची बेरीज आणि व्यवस्थेचे भान : बालकुपोषणविषयक संशोधनाच्या आढाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातले गंजाड हे गाव बाहेरच्या जगाला वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ठाऊक आहे. डहाणू-तलासरीच्या या आदिवासी पट्ट्याची दुसरी ओळख मात्र कुपोषणाशी निगडित आहे. १९९२ साली शेजारच्या वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, समित्या नेमल्या गेल्या आणि संशोधनही विपुल झाले. एवढा पुरावा हाताशी असताना त्याचे वाचन कोणत्या पद्धतीने व्हावे, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. पुराव्याचा आढावा घेताना व्यवस्थाविचाराचा अवलंब केल्यास काय हाती लागते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

आढाव्याची प्रचलित रीत

आर्ची कॉक्रन यांनी १९७२ साली उपचारांची परिणामकारकता काटेकोर चाचण्यांनी तपासण्याचा आग्रह धरला. १९९३ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने पद्धतशीर आढाव्याला शिस्त दिली. एका प्रश्नावरील सर्व अभ्यास शोधावेत, त्यांची गुणवत्ता जोखावी आणि शक्य तेथे निष्कर्षांची संख्याशास्त्रीय बेरीज करावी, ही ती शिस्त. सोयीचे तेवढे अभ्यास निवडण्याच्या प्रवृत्तीला तिने आळा घातला, हे तिचे ऋण मान्यच करावे लागेल.

परंतु या रीतीत एक गृहीतक दडलेले असते. उपाय ही एक सुटी वस्तू असून ती कोठेही नेली तरी आपला गुण बरोबर नेते, असे मानले जाते. औषधाच्या गोळीबाबत हे बव्हंशी खरे ठरते. अंगणवाडीतील आहार, शौचालय किंवा गृहभेट यांबाबत ते तितकेसे खरे नाही. या उपायांचा परिणाम ते ज्या व्यवस्थेत शिरतात तिच्या इतर घटकांवर अवलंबून असतो.

दोन उदाहरणे

ओडिशातील शंभर गावांत झालेल्या स्वच्छताविषयक चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. उपक्रम राबविलेल्या गावांत शौचालये असलेल्या कुटुंबांचे प्रमाण सरासरी ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. बालकांतील अतिसार मात्र कमी झाला नाही. बेरजेच्या रीतीने या चाचणीची नोंद ‘परिणाम नाही’ अशी होईल. व्यवस्थेच्या अंगाने वाचणारा समीक्षक पुढचे प्रश्न विचारतो. बांधलेली शौचालये वापरात किती होती? गावातील सर्व कुटुंबे वापर करीत नसतील, तर दूषित परिसराचा धोका कितीसा घटणार? ‘शौचालयाचा उपयोग नाही’ आणि ‘अर्धवट वापराचा उपयोग नाही’ या दोन निष्कर्षांतून निघणारी धोरणे परस्परविरोधी असतात.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या प्रयोगात गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेविका, दाई, जंतुसंसर्गावर घरीच दिले जाणारे इंजेक्शन आणि सातत्यपूर्ण देखरेख यांची एकत्र गुंफण होती. २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या गृहभेटी स्वीकारल्या गेल्या. इंजेक्शन देण्याचे काम मात्र आशांकडे सोपविले गेले नाही. उपायाचे नाव पुढे गेले, अंगे सगळीच गेली नाहीत. अशा वेळी मूळ प्रयोगाची टक्केवारी विस्तारित कार्यक्रमाच्या नावे लिहिणे पुराव्याशी प्रतारणा करणारे आहे.

महाराष्ट्राच्या आकड्यांचे वाचन

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील दोन वर्षांखालील बालकांत खुजेपणाचे प्रमाण ३९ टक्के होते; २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते २३ टक्के आढळले. २००५ साली स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनकडे या यशाचे श्रेय साहजिकच गेले. लॉरेन्स हॅडाड व सहकाऱ्यांनी २०१४ साली या घसरणीची बहुविद्याशाखीय कारणमीमांसा केली आणि ती कोणत्याही एका योजनेच्या पदरात टाकली नाही. मातेचे शिक्षण व वय, प्रसूतिपूर्व सेवा, आहारपद्धती, आर्थिक वाढ आणि शासनाची इच्छाशक्ती अशा अनेक घटकांचा त्यांनी एकत्र विचार केला. या अभ्यासाचे मोल येथेच आहे.

तथापि पुढील सर्वेक्षणे सावध करतात. पाच वर्षांखालील बालकांत खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. म्हणजे आधीची घट पुढे थबकली. याच काळात उंचीच्या मानाने वजन कमी असणाऱ्या बालकांचे प्रमाण १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांवर गेले आणि तेथेच राहिले. एका निर्देशांकाच्या आढाव्यात यश दिसते, दुसऱ्याच्या आढाव्यात अपयश. दोन्ही निर्देशांक एकाच बालकाच्या शरीराविषयी बोलत असल्याने त्यांचे वाचनही एकत्रच व्हावयास हवे. शिवाय दोन वर्षांखालील आणि पाच वर्षांखालील बालकांचे आकडे एकाच रांगेत मांडण्याचा मोह टाळला पाहिजे.

गंजाडच्या पाड्यांवरून

राज्याची सरासरी पाड्यावर पोहोचली की तिचा अर्थ बदलतो. या भागात वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. पावसाळ्यात घरातील धान्य संपत येते, तेव्हा अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी आगाऊ उचल घेतात. दिवाळीनंतर ती ‘जगायला’ जातात. येथील बोलीत स्थलांतराला हाच शब्द आहे. मजुरीतून उचल फिटते, परंतु हाती फारसे उरत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल घ्यावी लागते. हा फेरा स्वतःच स्वतःला चालवतो.

राज्याने २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे, चौरस जेवण देण्याची ही कल्पना निःसंशय चांगली आहे. पण जी माता गरोदरपणाचे शेवटचे महिने भट्टीवर काढते, तिच्या वाट्याला ते ताट येत नाही. गावात राहिलेल्या मातांवरूनच योजना मोजली, तर सर्वाधिक वंचित कुटुंबे अभ्यासातून आपोआप गळतात आणि परिणाम असतो त्याहून बरा दिसतो. येथे आहाराचा प्रश्न रोजगार हमीच्या वेळेवर मिळणाऱ्या मजुरीशी, वनहक्काच्या जमिनीशी आणि भट्टीवरील अंगणवाडीच्या सोयीशी जोडलेला आहे. पोषणाच्या आढाव्यात मजुरीवरील संशोधन ‘विषयाबाहेरचे’ म्हणून वगळले, तर वगळले जाते ते नेमके कारणच.

व्यवस्थाविचाराच्या मर्यादा

या विचारालाही दोष लागू शकतात. ‘सर्वच सर्वांशी निगडित आहे’ असे म्हणून थांबणारा आढावा निरुपयोगी असतो. इतकेच नव्हे, तर जबाबदारी विरघळवून टाकण्याची ती सोयीस्कर वाट ठरते. कुपोषणाची कारणे अनेक म्हणून कोणतेच खाते उत्तरदायी नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. व्यवस्थेचा बाणांनी भरलेला नकाशा काढणे म्हणजे पुरावा देणे नव्हे. त्यातील प्रत्येक बाण हे एक विधान आहे आणि ते खोटे ठरू शकेल अशा रीतीने मांडले गेले पाहिजे. उचल घेणाऱ्या व न घेणाऱ्या कुटुंबांतील बालकांच्या वजनात ऋतुमानानुसार फरक आढळला नाही, तर वर मांडलेला फेरा दुरुस्त करावा लागेल.

म्हणून चाचण्यांची शिस्त सोडण्याचे कारण नाही. बांगलादेश व केनिया (२०१८) आणि झिम्बाब्वे (२०१९) येथील मोठ्या चाचण्यांत पाणी, स्वच्छता व हात धुण्याच्या उपायांनी बालकांची उंची वाढली नाही, हे कटू सत्य काटेकोर चाचण्यांमुळेच कळले. उपायाचा परिणाम किती, हे बेरीज सांगते. तो कशाच्या आधारावर आणि कोणाला वगळून झाला, हे व्यवस्थाविचार विचारतो.

समारोप

आढावा घेणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक अभ्यासाला किमान तीन प्रश्न विचारावेत. उपाय कोणत्या अंगांसह राबविला गेला? मोजणीच्या दिवशी कोण अनुपस्थित होते? परिणाम टिकण्यासाठी व्यवस्थेतील कोणता दुसरा घटक हलावा लागला? या प्रश्नांची उत्तरे न देणारे अभ्यास बाद करण्याची गरज नाही. त्यांच्या निष्कर्षाचा पल्ला मात्र आखून द्यावा लागेल. महाविद्यालयीन संशोधनात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि सांख्यिकी हे विभाग एकाच गावाचा वेगवेगळा अभ्यास करतात आणि एकमेकांचे प्रबंध क्वचितच वाचतात. गंजाडच्या पाड्यावरील बालकाचे वजन या चारही विभागांच्या सीमारेषेवर घटते. पुराव्याचा आढावा तेथून सुरू झाला, तरच तो त्या बालकाच्या उपयोगी पडेल.