नळीतलं आणि पेशंटमधलं: डी.एम.एल.टी.च्या शिक्षणाबद्दल एक तक्रार

आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी पॅथॉलॉजी लॅबबद्दल का बोलावं, असं काहींना वाटेल. पण रक्ताचा रिपोर्ट हे एक अनुमान असतं, आणि अनुमान कुठे फसतं हा तर आमचा धंदाच.

न्यायदर्शनातला जुना दाखला घ्या. धूर दिसला की अग्नी आहे, असं म्हणता येतं. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं मात्र नाही; तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. त्याला ओलं सरपण लागतं. या न बोललेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. आता नळीत पोटॅशियम जास्त निघालं, तर ते पेशंटच्या अंगात जास्त आहे का? नमुना नीट घेतलेला असेल तरच. रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. यंत्र ६.८ दाखवतं. यंत्र खोटं बोलत नाही, नळीत तेवढंच आहे. पेशंटमध्ये ते ४ असू शकतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून कोणी जांभळीतलं थोडं ओतलं, की पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम कोसळतं, कारण ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. दोन आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला लगेच शंका येते. एकेक आकडा टाइप करत जाणाऱ्याला ती येत नाही. आणि पोटॅशियम खरोखरच घसरलेलं असेल, तर ही भेसळ ते झाकते. हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असलेला माणूस ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो.

हे पुस्तकात नाही का? आहे की. पाठही होतं. आमची तक्रार प्रात्यक्षिकाबद्दल आहे. तिथे मुलांना नमुना चांगलाच मिळतो, उत्तर परीक्षकाला आधीच ठाऊक असतं, आणि जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरलेलं असतं. गुण आकडा काढण्याला. ‘हा नमुना तपासण्यालायक नाही’ असं लिहून कुणाला पैकीच्या पैकी मिळाल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

कंट्रोलचंही तेच. लेव्ही-जेनिंग्जचा तक्ता १९५०चा, वेस्टगार्डचे नियम १९८१चे. मुलं ते घडाघडा म्हणतात. नोकरीत मग शिकतात काय, तर कंट्रोल बाहेर गेला की आत येईपर्यंत पुन्हा लावायचा! नापास मुलाला पास होईपर्यंत त्याच पेपरला बसवावं, तसं.

२०२१च्या कायद्याने या व्यवसायाला आयोग दिला, पदवीला किमान ३६०० तास ठरवले. चांगलं झालं. पण त्या तासांत नकार द्यायला कोण शिकवणार? एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला रात्री वॉर्डातून फोन येतो, “रिपोर्ट कुठंय?” आणि तिला म्हणावं लागतं, “सर, रक्त परत पाठवा.” हे पाठांतराने येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रात्यक्षिकाच्या दहा नमुन्यांत दोन बिघडलेले ठेवा, न सांगता. आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने चिडलेला डॉक्टर व्हावं, रिपोर्ट आत्ताच हवा म्हणून अडून बसावं, आणि मुलगी काय बोलते त्याला गुण द्यावेत.